गळ्यातला प्लग

"रोज दुपारी ड्रायर धडधडतो," घरच्या काकू म्हणाल्या. "कपडे मात्र छान वाळतात."

मेकॅनिकने सवयीप्रमाणे प्लग काढून वायर गळ्यात अडकवली. काम चालू असताना कुणी बटण दाबायला नको. मागचं झाकण उघडलं, तर ड्रम फिरवणारा पट्टा झिजून, तुटून तळाशी पडलेला. त्यावर बोटभर धूळ.

"हा ड्रम वर्षभर तरी फिरला नसेल, काकू."

"कालच चादरी वाळवल्या की."

वाद घालून कुणाचं भलं झालंय? त्याने नवा पट्टा चढवला, नीट बसावा म्हणून ड्रम हाताने तीनदा फिरवला आणि हात काढून घेतला.

ड्रम थांबला. मग सावकाश, धडधडत, तीनदा उलटा फिरला.

त्याने गळ्यातला प्लग चाचपला. जागच्या जागी होता.

"हाच तो आवाज," काकू समाधानाने म्हणाल्या.