डोळे कोरायचे राहिले

देवीची मूर्ती तडकली, तेव्हा रामकिशन पाथरवटानं ती तशीच धरणात सोडली. डोळे शेवटी कोरायचे असतात. ते राहूनच गेले. त्याला अकरा वर्षं झाली.

दोन हजार चारच्या उन्हाळ्यात धरण आटत चाललं. मासे साफ करता करता रामकिशनची बायको आशाबाई त्याला थकल्या आवाजात म्हणाली, "आज बी एकालाही डोळे न्हाईत, बगा."

"गाळानं गेले आसतील." महिनाभर तो हेच सांगत होता.

दुपारी तो पाय ओढत धरणावर गेला. देवी कमरेपर्यंत उघडी पडली होती. अंगावर शेवाळ नव्हतं. भोवती आंधळे मासे तिला तोंड लावून थांबले होते.

तिला डोळे होते. गोल, ओले, बिनपापण्यांचे.

दमून तो खाली बसला. तसे ते डोळेही खाली वळले.