दुसरा डाग

वीरण्णानं बैलांना घासायचा लोखंडी खरारा उचलला आणि स्वतःच्याच मांडीवर ओढला. खाजेनं माणूस वेडापिसा झाला होता. पिवळी पडलेली कातडी सोलून रक्त आलं, तरी हात थांबेना.

"दम धर अण्णा, दोन्ही मनगटांवर डाग दिला की बघ कावीळ कशी पळती," धाकटा भाऊ माणिकप्पा म्हणाला. त्यानं जाळातून लाल झालेला विळा काढला. शेजारच्या दोघांनी वीरण्णाला गोठ्याच्या खांबाशी दाबलं. डाव्या मनगटावर चर्र झालं. वीरण्णा गुरासारखा ओरडला, पण हात मागं घेतला नाही. त्याला बरं व्हायचं होतं.

वीरण्णाची बायको उमाबाई दारात उभी होती. लातूरच्या डॉक्टरांनी तिला स्पष्ट सांगितलं होतं, कॅन्सर आहे, ऑपरेशनच्या पलीकडं गेलाय; पित्ताच्या वाटेत नळी बसवली तर निदान खाज जाईल. मुलानं मात्र शपथ घातली, बाबांना फक्त कावीळ म्हणायचं. मग साध्या काविळीला पोटात नळी कोण घालून घेईल? नवरा दवाखान्यातून उठून घरी आला. शपथ घालणाऱ्याचं काय जातं! रात्रभर नखांचा आवाज ऐकायला ती एकटी होती.

विळा पुन्हा लाल झाला. माणिकप्पानं उजवं मनगट धरलं.

"भावजी, बस करा!"

"आत जावा वैनी. बायकांचं काम न्हाई हे."

त्यानं तिला ढकललं. ती गव्हाणीवर आपटली आणि उठली ती थेट विळ्यावर. उघड्या हातानं पातं धरून तिनं तो हिसकला, शेणात भिरकावला. खरारा उचलून माणिकप्पाच्या तोंडावर हाणला. त्याचा ओठ फाटला.

"कावीळ न्हाई ती! कॅन्सर हाय! मरणार हाईत ते. मरू द्या, पर असं भाजून न्हाई!"

दोघा शेजाऱ्यांचे हात आपोआप सुटले. शेणात विळा धुमसत होता.

"कापून निघत न्हाई?" वीरण्णानं विचारलं.

"न्हाई."

"मंग नळीनं काय व्हतंय?"

"खाज जाईल. झोप लागल तुमाला."

वीरण्णानं तिची मूठ उघडली. तळव्याची कातडी पात्यालाच चिकटून गेली होती. तो खाजवायचं विसरून बघत राहिला. मग रक्त पुसणाऱ्या भावाकडं वळला.

"माणिक, गाडी काढ. लातूरला जायचं. आधी हिचा हात, मंग माझी नळी."