चौथं नोझल

मैथिलीने घराला लागूनच्या दुकानातल्या फ्रायरचे चारही बर्नर अंगणात कागदावर खोलले, घासले आणि जोडायला बसली, तर चौथ्याचं पितळी नोझल गायब. दुपारी चारला अधारतालच्या लग्नघरी मंगोडे, म्हणजे मूगडाळीची भजी, पोचवायचे होते. शोधत शोधत ती घरात शिरली. देवघरात नोझल सोन्यासारखं लखलखत होतं आणि त्यात उदबत्ती खोचलेली होती. “आई, हे फ्रायरचं आहे.” “पितळ दिसलं, देवाच्या भांड्यांसोबत चिंचेनं घासून टाकलं,” सासूबाई शांतपणे म्हणाल्या. सुनेने कॉलेजातली नोकरी सोडून तळणाचं दुकान टाकलं, तेव्हापासून त्या तिथली पायरी चढल्या नव्हत्या. मैथिलीने नोझल फुंकून बसवलं आणि दुकानात जाऊन फ्रायर पेटवला. तीन बर्नर पिवळे भगभगले, चौथा मात्र निळाशार पेटला. मागून बांगड्या वाजल्या. सासूबाई पायरी चढून आत आल्या होत्या, हातात चिंचेचा वाडगा. “बाकीचे तिघे असे काहून जळून राहिले? खोल परत.”