कारण : वारा

"जेसिन्ता. या सत्रात अकरा दिवस गैरहजर." विल्किन मास्तरांनी वहीतून मान वर केली. "कारण काय लिहू, नेस्ता?"

"वारा," जेसिन्ताची आई म्हणाली.

पालकसभेत हशा पिकला. मागून कोणीतरी बोललंच, "राजधानीत, होनियाराला कॉलेज करून आली, आणि वाऱ्याला भिते!"

"मोठ्या शाळेसाठी आपल्याकडून दोनच नावं जाणार," मास्तर म्हणाले. "पोरगी हुशार आहे तुझी. पण अकरा खाडे? कुठल्या तोंडाने नाव पाठवू? हा रुबेन बघ. त्याच होडीतून येतो, त्याच वाऱ्यातून. वर्षभरात एक खाडा नाही."

रुबेनची आई डोरिका शेजारीच बसली होती. तिने नेस्ताला कोपराने ढोसलं. "अगं, माझी दोन जातात, तुझी एक. समुद्र काय तुझ्याच पोरीवर टपून बसलाय?"

डोरिकाचा धाकटा टोमी आईच्या पाठीला लोंबकळत होता. "मास्तर, जेसी नाही आली तर बरंच! ती मला होडीतलं पाणी उपसूच देत नाही. डबा सारखा तिच्याच हातात."

"तू दोन डबे हरवलेस म्हणून," जेसी फणकारली.

पुन्हा सगळे हसले. नेस्ताही हसली. काय करणार?

घरी येताना तिने लेकीला शब्द दिला. आता खाडा नाही.

दोन आठवडे तिने तो पाळला. रोज सकाळी ती किनाऱ्यावर उभी राहायची, होडी खारफुटीच्या टोकामागे दिसेनाशी होईपर्यंत. दुपारी दोनपासून पुन्हा तिथेच. जेसी घोट्यापर्यंत ओला झालेला घागरा हलवत उतरायची, दप्तर आणि पाणी उपसायचा, तेलाचा कापलेला पिवळा डबा दाराजवळच्या एकाच खिळ्याला अडकवायची आणि खायला कंद मागायची. शाळेतल्या हजेरीच्या तक्त्यावर तिच्या नावापुढे दहा तारे लागले. अकरावा आणि बारावाही लागला.

तिसऱ्या आठवड्यातल्या बुधवारी नेस्ताला पहाटेच जाग आली. माडांचा आवाज बदलला होता. बाहेर येऊन तिने पाहिलं, तर खडकांच्या रांगेपलीकडे पाणी पांढरं झालं होतं.

जेसी गणवेश घालून रात्रीचं रताळं खात होती.

"आज नाही," नेस्ता म्हणाली.

"आई! माझं नाव..."

"नाही गेलं तर नाही गेलं नाव."

खालून रुबेनची हाक आली. जेसी उठून खिळ्याकडे धावली. "मी नुसती खाली जाऊन येते. दोन मिनिटं. फक्त..."

"मागच्या वेळी असंच म्हणालीस आणि होडीत चढून बसलीस." नेस्ताने दाराला हात आडवा लावला. "एक पाऊल नाही, आणि एक शब्दही नाही."

जेसी रडायला लागली. नेस्ताने दारातूनच किनाऱ्याकडे हात हलवला. येत नाही ती. रुबेनने होडीत उभं राहून काहीतरी ओरडून सांगितलं, हातवारे केले. वाऱ्यात एक अक्षर ऐकू येईना. विनवतोय पोरगा, असं तिला वाटलं. तिने पुन्हा हात हलवला.

तो जरा वेळ घराकडे बघत राहिला. मागे टोमी वल्हं आपटून घाई करत होता. शाळेची वेळ होत आली होती. मग त्यानेही वल्हं उचललं.

दुपारी होडीऐवजी शाळेची इंजिनबोट आली. मास्तर चिंब भिजले होते. हजेरीची वही प्लास्टिकच्या पिशवीत काखोटीला होती.

"भांडायलाच आलोय मी," उतरता उतरता ते म्हणाले. "नेस्ताचं एक वेळ समजू शकतो. पण डोरिका, तू सुद्धा? आज तुमच्या गावातून एकही पोर नाही."

डोरिका कपडे वाळत घालत होती. टोमीचा शर्ट तिच्या हातात तसाच राहिला.

"माझी दोन्ही सकाळीच गेली, मास्तर."

मास्तरांनी वही काढली, उघडली, आणि न बघताच मिटली.

अंधार पडायच्या आत होडी सापडली. उलटलेली नव्हती. काठोकाठ भरून, पाण्याच्या बरोबरीला येऊन तरंगत होती. दोन्ही दप्तरं आडव्या फळीला नीट बांधलेली होती. पोरं नव्हती.

गावातल्या बायका डोरिकाभोवती बसल्या. नेस्ता गेली, पण जिवंत लेकीचा हात धरून तिच्यासमोर बसायचा धीर होईना. डोरिकानेच जेसीला ओढून घेतलं, तिच्या केसांचा वास घेतला.

"तू शहाणी निघालीस गं," ती नेस्ताला म्हणाली. "मी हसले तुला. भर सभेत हसले."

मास्तर पायरीवर बसले होते. "सगळ्यांच्या नावापुढे वारा लिहिलं असतं मी," ते कोणाकडेच न बघता म्हणाले. "कोणी माझा हात धरला होता?"

नेस्ता रडली. सगळ्यांसारखीच रडली. पण आत कुठेतरी, जिथलं कुणाला दाखवता येत नाही, तिथे एक गाठ सैल झाली होती. माझं बरोबर होतं. मी आईच होते, भित्री नव्हते.

घरी आल्यावर जेसी खिळ्यापाशी गेली. दप्तर बाजूला सारून तिने मागचा पिवळा डबा काढला आणि दोन्ही हातांनी आईपुढे धरला.

"मी फक्त हा द्यायला जात होते."