नजरेची रेघ

लोणारला उद्धवरावांच्या घरी आम्ही दोघे म्हातारे दुपारी अंगठ्याएवढ्या सैनिकांची लढाई खेळतो. आपल्या सैनिकाला शत्रू दिसतो का, हे ठरवायला हनुवटी टेबलाला टेकवून, एक डोळा मिटून, त्याच्या डोक्यामागून पाहायचे. दिसला तर बाण सोडता येतो.

वर्षभरात मी एकदाही जिंकलो नव्हतो. आज पुठ्ठ्याच्या गढीच्या खिडकीतून त्यांचा राजा माझ्या तिरंदाजाला दिसला, की डाव माझा होणार होता.

मी वाकलो. राजा दिसला नाही. खिडकी एका डोळ्याने भरली होती.

टेबलाची पलीकडची बाजू भिंतीला टेकलेली आहे. उद्धवराव माझ्या शेजारी बसून सुपारी कातरत होते. माझे मोतीबिंदूचे ऑपरेशन नुकतेच झालेले; मी स्वतःलाच दोष दिला.

“दिसत नाही बहुतेक,” मी पुटपुटलो.

“बहुतेक काय, मास्तर? तुमाले तर जेवताना ताटबी दिसत नाही! सरका, मी पाह्यतो.”

मी उठून त्यांच्या मागे उभा राहिलो. ते माझ्या जागी वाकले आणि हसले.

“तिकडून काऊन वाकले, मास्तर? तुमचा डोळा मधात येऊन राह्यला.”

मी मागून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.