तेसोकची पट्टी

बोटीवरून बेपत्ता झालेल्या मुलाचं, तेसोकचं नाव विहारात टांगतात त्या मेलेल्यांच्या नावांच्या पट्ट्यांत लावायला ओक्बुन काही केल्या तयार नव्हती. शेवटी नवऱ्यानंच तिला वर्षावासासाठी, तीन महिन्यांच्या ध्यानाला, डोंगरावरच्या विहारात धाडलं. "तू जा, पोराचा फोन आला तर मी आहे घरी." विहारात भिंतीकडे तोंड करून बसायचं, आणि घरी मयत झालं तरी मधेच उठायचं नाही.

आज वर्षावास संपला. आज पितरांचा दिवसही. नवरा न्यायला आला, आणि सभागृहात टांगलेल्या पांढऱ्या पट्ट्यांत ओक्बुनला मुलाचं नाव दिसलं.

"माझी पाठ वळायचीच वाट बघत होतात ना? जिवंत पोराला मारलंत!"

"अगं, सापडला तो. जाळ्यात. तू इथं आलीस त्यानंतर महिन्याभरानं."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"सांगायलाच आलो होतो. पायऱ्यांवर भिक्षुणीताई भेटल्या. म्हणाल्या, काल ओक्बुन पहिल्यांदा रात्रभर झोपली. मग कसलं सांगतोय? तसाच उतरलो."

ओक्बुननं पट्टीवरचं नाव पुन्हा वाचलं. ती झोप तिच्या पक्की ध्यानात होती. झोपायच्या आधी, त्याच संध्याकाळी भिंतीसमोर बसून तिनं तेसोकची वाट बघणं सोडून दिलं होतं.