धुरपदाबाईचा दुसरा फोटो

तोतारामनं पिशवीतून फ्रेम काढली, हारुनच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "हाई मन्ही बायको नई शे."

हारुन हसला. पाचोऱ्यात फोटोचं दुकान घालून त्याला बारा वर्षं झाली होती, आणि खेड्यावरचं गिऱ्हाईक खूश झालं की हेच म्हणायचं. ही आमची वाटतच नाही, शेठाणी वाटते. ते ऐकायला हारुन टपलेला असायचा. मग त्यानं मान वर केली. तोतारामच्या डोक्यावर केस नुकते कुठं उगवत होते. मिशी नव्हती.

"कधी?" हारुननं विचारलं.

पंधरवडा झाला. ताप आला आणि तिसऱ्या दिवशी गेली.

फ्रेमीत धुरपदाबाई बसली होती. बावन्नच्या निवडणुकीला उभ्या राहिलेल्या एका पुढाऱ्यानं ज्या खुर्चीत फोटो काढून घेतला, त्याच खुर्चीत. शेजारी कागदी फुलं, मागं पडद्यावर रंगवलेलं कारंजं. गळ्यातली एकदाणी जाऊबाईची, भिकुबाईची. फोटो निघेपर्यंत ती दागिन्यावर डोळा ठेवून तिथंच उभी होती. तोंडावर पावडर. पावडरीनं झाकलं नाही ते हारुनच्या पेन्सिलीनं झाकलं. त्याच्या पेन्सिलीचं नाव पार धुळ्यापर्यंत होतं. देवीचे वण, सुरकुत्या, उन्हानं रापलेली कातडी, सगळं गुळगुळीत करून द्यायचा. माणूस जसा आहे तसा भिंतीवर लावायची कुणाची छाती नव्हती. हारुनची तर मुळीच नव्हती.

पोरगी वर्षाची आहे, तोताराम सांगू लागला. तिला आईचं काही आठवणार नाही. काल भिकुबाईनं तिला या फोटोपुढं धरलं, तर ती तिकडं बघेचना. उद्या मोठी होईल, लोक बोट दाखवतील, आणि ती या तमाशातल्या बाईला माय म्हणेल.

"माले तिना वण वापस दे, हारुनभाऊ. बठ्ठा दे, एकबी सोडू नको."

हारुननं फ्रेम उलटी केली, खिळे उपसले, फोटो बाहेर काढला. पेन्सिल तासली. कुठं कुठं होते, विचारलं.

तोतारामनं बोट पुढं नेलं. ते डाव्या गालाशी थांबलं. मग उजव्या गालाशी. मग कपाळाकडं गेलं आणि तसंच हवेत राहिलं.

"खूप व्हतात," तो म्हणाला.

"पण कुठं?"

तोताराम फोटोवर वाकला. सात वर्षं त्यानं तिच्या हातची भाकर खाल्ली होती, तिच्या बरोबरीनं कपाशी वेचली होती. पण ताटावरून मान वर करून तिच्याकडं बघायचं काम त्याला कधी पडलं नव्हतं. आमच्याकडच्या गड्याला ते पडत नाही. बैलाच्या अंगावर भोवरा कुठं आहे ते त्यानं डोळे मिटून सांगितलं असतं.

शेवटी हारुननंच पेन्सिल टेकवली. डाव्या डोळ्याखाली तीन, एकाला एक लागून. नाकपुडीशी एक मोठा. हनुवटीवर दोन, त्यातला खालचा अर्धवट. उजवा गाल तर पुरता भरला. हात कुठं अडखळला नाही. प्रत्येक ठिपक्याला तोताराम हां, हां म्हणत होता. मग एकाएकी म्हणाला,

"तुले कसं काय ठाऊक?"

आवाज बदलला होता. परक्याच्या बायकोचा गाल इतका पाठ असणं बरं नव्हे, हे हारुनला कळत होतं. मीच पुसले म्हणून ध्यानात राहिले, एवढं म्हणून सुटता आलं असतं. तो सुटला नाही.

त्या दिवशी आणखी एक फोटो काढला होता, त्यानं सांगितलं. तू दोर घ्यायला बाजारात गेला होतास. तुझ्या बायकोनं एकदाणी उतरवून जावेच्या हातात दिली, पदरानं पावडर खसाखसा पुसली आणि दुकानाच्या पायरीवर भाकरीचं फडकं सोडून खायला बसली. मांडीवरची पोर तिच्या तोंडातला घास ओढू लागली. तिला हसू आलं. तोंड भरलेलं, दात उघडे, दारातलं ऊन थेट गालावर. माझ्या कॅमेऱ्यात दुसरी काच भरलेली होती. मी कॅमेरा वळवला आणि त्याचा रबरी फुगा दाबला.

तेव्हा फोटो काचेवर निघत. ती काच हारुननं चार दिवस खिडकीला टेकवून ठेवली होती. चहा पिताना तिच्याकडं बघायचा. बारा वर्षांत आपल्या हातून फोटो म्हणावा असा हा एकच निघाला, हे त्याला तेव्हाच समजलं होतं. पण वणांची, घास चावत हसणारी बायको नवऱ्याच्या हातात ठेवली तर तो जोडा काढेल, असं वाटलं. पेन्सिलवाला भित्रा निघाला. त्यानं तो फोटो कागदावर उतरवलाच नाही.

"कोठे शे ती काच?"

हारुननं सांगितलं. लग्नसराई आली, फ्रेमींना काचा पुरेनात. जुनी काच गरम पाण्यात सोडा टाकून धुतली की कोरी होते. सगळेच फोटोवाले धुतात. त्यानंही धुतल्या. तिच्या दोन्ही धुतल्या.

तोताराम उठला. हारुन बसल्या जागी डोळे मिटून थांबला. त्यानं थोबाडीत दिली असती तर बरं वाटलं असतं. पण तोताराम टेबलाला वळसा घालून अलीकडं आला, बाकावर त्याला खेटून बसला आणि कुणी ऐकू नये अशा आवाजात त्यानं विचारलं,

"हासतांना कशी दिसे ती?"